जबरी चोरीत सात वर्षांची शिक्षा, धारवाडला अपील करायचंय. माहिती हवी

वेदगंगाकाठ
नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, म्हणून नावं-गावं देत नाही. निपाणी भागातले आहोत एवढं पुरे.

माझ्या दाजींना गेल्या आठवड्यात सत्र न्यायालयानं भा.दं.वि. ३९२ (जबरी चोरी) आणि ३९७ (त्यात हत्यार वापरणं) सह ३४ (सगळ्यांचा मिळून एकच इरादा) खाली दोषी धरलं. सात वर्षं सक्तमजुरी आणि दंड. सोबत आणखी दोघे, तिघांनाही एकच शिक्षा. घटना २०२१ ची. तंबाखूच्या वखारीतले दिवाणजी रात्री पैशाची बॅग घेऊन मोटरसायकलवरून घरी चालले होते, त्यांना आडवून कोयता दाखवला आणि बॅग घेतली अशी फिर्याद. लुटणाऱ्यांची गाडी दाजी चालवत होते असं पोलिसांचं म्हणणं. कोयता त्यांच्या हातात होता असं फिर्यादीसुद्धा म्हणत नाही. दाजी म्हणतात, मी तिथं नव्हतोच.

ते दोषी की निर्दोष यावर इथं वाद नको. मला एवढंच विचारायचंय. अपिलाची मुदत किती? अपील चालू असताना बाहेर येता येतं का? निकाल कन्नडमध्ये आहे. मी मराठी शाळेत शिकलोय, कन्नड बोलतो, पण कोर्टाची कन्नड वाचायला बसलो की पहिल्या पानावरच अडकतो. इथले वकील म्हणतात ‘आता धारवाडचा माणूस बघा’, आणि फाईल द्यायला आज-उद्या चाललंय. गावात एक जण म्हणाला, कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच आलंय, तिथंच टाका, जवळ पडतं. खरं आहे का?

तवंदीघाट
कोल्हापूरचं डोक्यातनं काढा भावा. ऑगस्ट २०२५ पासून तिथं बसतंय ते मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढ्यांचं. शिक्षा दिली कर्नाटकच्या कोर्टानं, तर अपील कर्नाटक हायकोर्टातच. घटना कोगनोळी नाक्याच्या पलीकडं, महाराष्ट्रात कागल हद्दीत घडली असती तर गोष्ट वेगळी.

सुंठीचा_चहा
म्हणजे घरापासून कोल्हापूर तासाभरावर आणि न्याय मागायला धारवाड. सीमाभागात जन्माला आल्याची शिक्षा वेगळीच असते, तिच्यावर अपील नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलाय, तुमचे दाजी त्याच्या आधी सुटोत.

काळाकोट_बेळगाव
वर सीमाप्रश्न सुरू व्हायच्या आत उत्तर देतो.

मुदत : सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर हायकोर्टात अपील करायला निकालाच्या तारखेपासून ६० दिवस. नक्कल मिळायला जेवढे दिवस लागतात ते यातून वजा होतात. उशीर झालाच तर माफीचा अर्ज करता येतो, पण कारण पटवावं लागतं आणि तोवर माणूस आत बसतो. म्हणून उशीर करू नका.

कुठं : कर्नाटक हायकोर्टाचं धारवाड बेंच. २००८ ला सर्किट म्हणून सुरू झालं, २०१३ पासून कायम. बेळगाव जिल्हा त्याच्याच हद्दीत. (हेच प्रकरण जेएमएफसीकडं, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं चाललं असतं आणि तीन वर्षांच्या आतली शिक्षा झाली असती, तर अपील सत्र न्यायालयात गेलं असतं आणि मुदत ३० दिवसांची असती. तुमच्या गावातले लोक बहुतेक तीच ऐकीव मुदत सांगत असतील.)

नक्कल : शिक्षा सुनावल्यावर निकालाची एक प्रत आरोपीला लगेच आणि फुकट द्यायची असते, सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) ३६३. दाजींनी ती घेतली असेल, हिंडलग्याच्या तुरुंगात त्यांच्या सामानात पडलेली असेल. आधी ती मागवा. त्याच कलमात आणखी एक सोय आहे जी आपल्या भागात कोणी वापरत नाही : आरोपीनं मागितलं तर शक्य असेल तिथं त्याच्या भाषेतलं भाषांतरही द्यायचं. अर्ज जरूर करा, पण भाषांतर येईपर्यंत अपील अडवून ठेवू नका.

सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदललेत. अपिलाच्या ३७४ चं ४१५ झालं, शिक्षा स्थगितीच्या ३८९ चं ४३०. त्यानं घाबरू नका, गुन्हा जुना असल्यामुळं शिक्षेची कलमं भा.दं.वि.चीच राहतात. मी इथं जुनेच आकडे लिहितो, बोटावर तेच बसलेत.

आता बाहेर येण्याचं. अपिलासोबत कलम ३८९ खाली शिक्षा स्थगित करून जामिनाचा अर्ज टाकतात. धारवाडला त्याला नुसतं ‘आयए’ म्हणतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत असती आणि आरोपी जामिनावर असता तर खालच्या कोर्टालाच थोडे दिवस सोडता आलं असतं, सात वर्षांत ते होत नाही. दहा वर्षं किंवा जास्त असती तर सरकारला लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागली असती. तुमचं त्याच्या खाली आहे, तरी सरकारी वकिलांना ऐकल्याशिवाय सहसा कोणी सोडत नाही.

ठराविक मुदतीची शिक्षा असेल तर स्थगितीचा विचार उदारपणे करावा, खास कारण असेल तरच नाकारावी, असं सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्ये भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात म्हटलंय. त्या प्रकरणातही कलमं ३९२ आणि ३९७ च होती. तुमच्या वकिलांना ते माहीत असेलच, तरी विचारा.

वेदगंगाकाठ
मनापासून आभार साहेब. बहिणीला एक भीती आहे. शेजारच्यांनी सांगितलंय की वर गेलं की शिक्षा वाढवतात. सात आहेत ती भोगून घ्या, म्हणे.

काळाकोट_बेळगाव
ताईंना सांगा, आरोपीनं स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. वाढ हवी असेल तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं, आणि ते केलं तरी तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय होत नाही. शेजारी सगळ्याच गोष्टीत तज्ज्ञ असतात.

निवृत्त_शिरस्तेदार
मी कोर्टाच्या नोकरीत उभी हयात घालवली, वकील नाही. दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

जुने वकील फाईल देत नसतील तर भांडत बसू नका. अपिलाला निकालाची नक्कल लागते, ती कोर्टातून मिळते. साक्षी-पुरावे हायकोर्ट खालच्या कोर्टाकडून मागवून घेतं, त्याला टीसीआर म्हणतात. पण ते यायला वेळ जातो आणि आयएची सुनावणी त्याच्या आधीही लागू शकते. म्हणून निदान फिर्याद, पीडब्ल्यू १ म्हणजे फिर्यादीची साक्ष, पंचांच्या साक्षी, ओळख परेडचा अहवाल आणि दाजींचा ३१३ चा जबाब (पुराव्याबद्दल कोर्ट आरोपीला प्रश्न विचारतं तो), एवढ्यांच्या नकला स्वतः अर्ज करून काढा. शेवटी एमओंची यादी बघा, म्हणजे जप्त मुद्देमाल कायकाय दाखवलाय ते.

वकीलपत्रावर दाजींची सही तुरुंगात होते, अधीक्षकांचा शिक्का लागतो. त्यात दिवस जातात, म्हणून कोरं वकीलपत्र पहिल्याच भेटीत पोचवा.

पैशाची अडचण असेल तर लाजू नका. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चानं वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. धारवाड बेंचला त्यासाठी स्वतंत्र समिती आहे. १५१०० वर फोन केला तरी वाट दाखवतात. आणि काहीच जमलं नाही तर कैदी स्वतः अधीक्षकांमार्फत अपील पाठवू शकतो, तेही कायद्यानं धरलं जातं.

गोकाकचा_दुकानदार
मला थोडं बोलू द्या. मी दुसऱ्या बाजूचा आहे. माझ्या दुकानाचा गल्ला असाच रात्री रस्त्यात लुटला होता, हाताला टाके पडले. तेव्हापासून मागं मोटरसायकल आली की मी गाडी बाजूला घेतो. इथं सगळे ‘कसं सुटायचं’ सांगालेत. त्या दिवाणजींचं कोणी विचारलं?

वेदगंगाकाठ
दादा, तुमचं बरोबर आहे. ते दिवाणजी आमच्या ओळखीतले आहेत, भला माणूस. त्यांना लुटलं यात शंका नाही. लुटणारे कोण, एवढाच वाद आहे.

संकेश्वरी_मिरची
ओळखीतले आहेत तर त्यांना भेटा की. पैसे परत करून टाका, ‘आमचं मिटलं’ म्हणून लिहून घ्या. आमच्याकडं मारामारीच्या केसा अशाच मिटल्यात.

काळाकोट_बेळगाव
अजिबात करू नका. मारामारीची साधी कलमं तडजोडीत बसतात, जबरी चोरी बसत नाही. शिवाय आता शिक्षा झालीय. फिर्यादीच्या घरी गेलात तर दबाव आणला म्हणून उद्या आयएला विरोध होईल, आणि पैसे दिलेत तर ‘नव्हतोच’ म्हणणाऱ्यानं पैसे का दिले हा प्रश्न उभा राहील. गोकाकच्या दादांना एवढंच सांगतो : आरोपी सुटला, हलक्या कलमाखाली शिक्षा झाली किंवा भरपाई अपुरी वाटली, तर पीडितालाही अपील करता येतं, ३७२ चं परंतुक. तो हक्क २००९ च्या दुरुस्तीनं आलाय.

वेदगंगाकाठ
प्रत हिंडलग्यातून आली. भाची धारवाडला शिकते, कन्नड माध्यमातली, तिनं दोन रात्री बसून वाचून दाखवलं. कळलेलं लिहितो.

फिर्यादीत ‘तीन अनोळखी तरुण, तोंडाला रुमाल’ एवढंच. उंची, अंगकाठी, कपडे काही नाही. गाडीचा नंबर नाही. दाजींना घटनेनंतर महिन्याभरानं उचललं. तहसीलदारांनी तुरुंगात ओळख परेड घेतली, त्यात दिवाणजींनी दाजींना ओळखलं. पण उलटतपासणीत ते म्हणाले की परेडच्या आधी त्यांना ठाण्यात बोलावून ‘हेच का बघा’ म्हणून विचारलं होतं. घरच्या कपाटातून अठरा हजार जप्त. दोन पंचांपैकी एक फुटला, दुसरा म्हणाला सही ठाण्यात केली. निकालात लिहिलंय की फिर्यादीला खोटं बोलायचं काही कारण नाही, म्हणून ओळख मान्य.

काळाकोट_बेळगाव
उलटतपासणीतलं ते वाक्य सोन्याचं आहे. ज्यांनी तो प्रश्न विचारला त्या वकिलांवर फाईलवरून फार चिडू नका.

कारण असं. ओळख परेड हा मूळ पुरावा नसतो, ती तपासाची पायरी. खरी ओळख कोर्टात साक्षीदार बोट दाखवतो ती. पण अनोळखी माणसाला दोन-तीन वर्षांनी पिंजऱ्यात बघून ‘हाच’ म्हणण्याला किंमत येते ती आधीच्या स्वच्छ परेडमुळं. परेडच्या आधीच माणूस दाखवला असेल तर त्या परेडचा आधार निसटतो. त्यात रात्र, रुमाल, वर्णन नाही. फिर्यादी भला माणूस आहे आणि खोटं बोलत नाही, हे मान्य करूनही तो चुकू शकतो. खालच्या कोर्टानं पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, दुसरा विचारलाच नाही. अपिलात नेमकं हे मांडायचं.

अठरा हजारांचं : नोटांवर कोणाचं नाव नसतं. पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली आरोपीच्या निवेदनातला वस्तू सापडण्यापुरताच भाग पुराव्यात येतो, ‘मी लुटले’ हा भाग येत नाही. बॅग, मोबाईल, वखारीचा शिक्का असलेलं बंडल असं काही दाजींकडून सापडलंय का ते एमओच्या यादीत बघा. आणि ३१३ च्या जबाबात या जप्तीबद्दल दाजींना प्रश्न विचारला होता का तेही बघा. जे आरोपीला विचारलं नाही ते त्याच्याविरुद्ध वापरायला अडचण येते.

आता ३९७. यात कमीत कमी सात वर्षं आहेत, न्यायाधीशांना खाली येताच येत नाही. सगळ्यांना नेमकी सातच का, याचं उत्तर इथं आहे. पण हे कलम ज्यानं हत्यार वापरलं त्याच्यापुरतंच आहे. ३४ लावून ते सोबतच्यांवर ओढता येत नाही. सुप्रीम कोर्टानं फूल कुमार (१९७५), दिलावर सिंग (२००७) आणि गणेशन (२०२१) मध्ये हेच सांगितलंय. मात्र कोयता मारलाच पाहिजे असं नाही, भीती बसेल असा दाखवला तरी तो ‘वापर’ होतो. म्हणजे कोयतेवाल्याचं ३९७ टिकेल, गाडीवाल्याचं टिकणं अवघड.

तवंदीघाट
एक शंका साहेब. एकीकडं म्हणायचं दाजी तिथं नव्हतेच, आणि दुसरीकडं म्हणायचं कोयता त्यांच्या हातात नव्हता. जज्ज म्हणणार नाहीत का, म्हणजे होते तर!

काळाकोट_बेळगाव
चांगली शंका. पहिला मुद्दा आमचा : ओळख सिद्ध नाही, निर्दोष सोडा. दुसरा मुद्दा सरकारच्याच कथेवर : तुमची कथा शब्दन् शब्द खरी धरली तरी ३९७ बसत नाही. दुसरा मांडताना आपण काही कबूल करत नसतो. तेवढाच मान्य झाला तर ३९२ उरतं. त्याला कमीत कमी शिक्षा ठरलेली नाही, वरची हद्द दहा वर्षं, आणि सूर्यास्त ते सूर्योदय हमरस्त्यावर घडलं तर चौदा. मग कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. खटल्याआधी आत काढलेले दिवस ४२८ खाली वजा होतातच. कधीकधी फक्त चोरीचा माल बाळगल्याचं ४११ उरतं, ते जास्तीत जास्त तीन वर्षांचं.

वेदगंगाकाठ
दाजी अटकेनंतर सव्वा वर्ष हिंडलग्यातच होते, मग जामीन झाला. आणखी एक. बाकी दोघांच्या घरचे म्हणतात तिघांचा एकच वकील करू, खर्च वाटून घेऊ. धारवाडला जायचं-यायचं, फी, सगळंच तिघांत पडेल. घरात बहुतेकांना पटलंय.

निवृत्त_शिरस्तेदार
नको.

काळाकोट_बेळगाव
शिरस्तेदारांनी एका शब्दात सांगितलं, मी कारण सांगतो. दाजींचा दुसरा मुद्दा उभा राहतो तो ‘कोयता दुसऱ्याच्या हातात होता’ यावर. त्या दुसऱ्याचा वकीलही तोच असेल तर तो हे वाक्य कोर्टात कसं उच्चारणार? खालच्या कोर्टात तिघांना एकच वकील होता का? असणार. म्हणूनच निकालात तिघांचा वेगवेगळा विचार झालेला दिसत नाही, तिघंही एका सुतळीत बांधलेत. अपील वेगळं, वकील वेगळा. सुनावणी तिन्ही अपिलांची एकत्र होईल, त्यानं बिघडत नाही. खर्च वाचवायचाच असेल तर दाजींसाठी विधी सेवेचा वकील घ्या, पण स्वतंत्र घ्या.

यावरून घरात कटुता येईल, ठाऊक आहे. एका गल्लीतली माणसं असतात.

संकेश्वरी_मिरची
ते दोघं एका गल्लीतले असतील तर मग दाजींची त्यांच्याशी ओळख आहे म्हणजे... असो. मी गप बसते.

गोकाकचा_दुकानदार
गप नका बसू, हाच प्रश्न मलाही पडलाय. पण माझ्या केसमध्ये पकडलेल्या चारांतला एक पोरगा त्या रात्री लग्नात वाढत होता, हे मला नंतर कळलं. मी त्याला परेडमध्ये ओळखलं होतं. ठाण्यात फोटो आधी दाखवला होता, तोच चेहरा डोक्यात बसला असणार. त्यामुळं काळाकोट म्हणतात ते मला पटत नाही असं नाही.

सुंठीचा_चहा
दादा, हे लिहायला धाडस लागतं.

वेदगंगाकाठ
अपडेट देतो. अपील दाखल झालं, मुदतीच्या आत. वकील स्वतंत्र केला. बेंचची इमारत धारवाडात शिरायच्या आधी बेळगाव रस्त्यावरच आहे, त्यामुळं शहरात जायचीही गरज पडली नाही. ऑफिसनं हरकती काढल्या, कन्नड कागदांचं इंग्रजी भाषांतर लावा म्हणून. त्या पूर्ण केल्या. आता आयए बोर्डावर यायची वाट बघतोय. वकील म्हणतात मुख्य अपिलाला वर्षं लागतील, सगळा भर आता आयएवर. प्रत्येक तारखेला आम्ही जायला हवं का? आणि वकीलच गेले नाहीत तर अपील निघून जातं का?

निवृत्त_शिरस्तेदार
जायची गरज नाही. केस नंबर टाकला की मोबाईलवर तारीख दिसते, कॉज लिस्ट आदल्या दिवशी येते. वकील गैरहजर म्हणून फौजदारी अपील नुसतं फेटाळता येत नाही, गुणदोषावर निकाल द्यावा लागतो, बनी सिंग १९९६. पण म्हणून गाफील राहू नका. बाजू मांडणारा कोणी नसताना लागलेला निकाल हातात घेऊन काय करणार.

वेदगंगाकाठ
आयए मंजूर झाली! शिक्षा स्थगित, दंड भरायच्या अटीवर. जातमुचलका आणि दोन जामीनदार. बहीण सकाळपासून फोनवर आहे. जामीनदार कसे लागतात? एक आमचे चुलते, शेती निपाणी तालुक्यात. दुसरे कागलचे मामा तयार आहेत, त्यांचा सात-बारा चालेल का?

काळाकोट_बेळगाव
छान. पण ताईंना सांगा, दोषी ठरवल्याचा निकाल अजून तसाच आहे, फक्त शिक्षा थांबलीय. अटी वाचून घ्या, पत्ता बदलला तर कळवा.

निवृत्त_शिरस्तेदार
हायकोर्टाचा आदेश ज्या कोर्टानं शिक्षा दिली तिथं जातो, जामीनपत्रं तिथंच लिहून द्यायची. तिथून सुटकेचा हुकूम हिंडलग्याला. दंडाची पावती आधी फाडा, तिच्याशिवाय टेबल पुढं सरकत नाही.

चुलत्यांचा चालू वर्षाचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सात-बारा), आधार, फोटो घ्या. उताऱ्यावर सोसायटीचा बोजा किती आहे तो आधी बघा, ऊसवाल्यांच्या जमिनीवर हमखास असतो. कागलच्या मामांना कायद्यानं बंदी नाही, पण परराज्यातल्या जमिनीची खातरजमा करायला कोर्ट वेळ घेतं आणि तेवढी सुटका लांबेल. दुसरा माणूसही आपल्याच तालुक्यातला बघा.

वेदगंगाकाठ
चुलत्यांचे साडू आहेत हुक्केरीला. विचारतो आत्ताच.

तवंदीघाट
हुक्केरी चालतंय की, जिल्हा एकच. उतारा नसंल काढलेला तर मला सांग, आमचा पोरगा तिथल्याच झेरॉक्सच्या दुकानात असतो, ऑनलाईन काढून देईल.